जुना तांदूळ आणि आठ पानांचं वर्तमानपत्र

आम्ही निघालो त्या सकाळी एसटी दीड तास उशिरा आली आणि निरोपाचा सगळा डौल गेला. ज्याला रडायचं होतं त्याचं पहिल्या पंधरा मिनिटांत रडून झालं. मग एकोडीच्या बसथांब्यावर आम्ही नुसते उभे. दोन ट्रंका, एक वळकटी, कडेवर दोन वर्षांची रेखा, आणि गावातली वीसेक माणसं. पौष चालू होता, खळ्यावर धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, अर्धवट टाकून बाबा आले होते आणि त्यांचं लक्ष सारखं तिकडंच होतं. शेवटी म्हणाले, "येईन तवा येईन ते बस. बैल उभे हायेत तिकडं." आणि बस यायच्या आधीच निघून गेले. मला त्याचा राग आला नाही. बैल खरंच उभे होते.

माय थांबली. तिनं जुन्या लुगड्याच्या पिशवीत चारेक किलो लुचई तांदूळ बांधून दिला, धान्याच्या ढोलीत दोन वर्षं ठेवलेला. "तिकडं नवाच तांदूळ भेटन. नवा खाऊ नको, पोट फुगते. अन् पोरीले त बिलकुल देऊ नको." समुद्रापार चाललेल्या लेकीला तिनं केलेला उपदेश एवढाच. मी तो पाळलाही असता, पण तिकडच्या विमानतळावर साहेबानं पिशवी काढून घेतली. धान्यातून किडे येतात म्हणाला. मी म्हटलं, यात एक किडा दाखवा. त्यानं दाखवला.

सत्त्याहत्तर सालची ही गोष्ट. मास्तर, म्हणजे माझे यजमान, मूळचे पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचे. भंडाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवत होते. इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला आणि एका बेटाच्या सरकारनं त्यांना तीन वर्षांच्या करारावर बोलावलं. बेटाचं नाव मी लिहीत नाही. माणसं अजून तिथंच राहतात आणि देश एवढा लहान आहे की नुसतं नाव सांगितलं तरी घर सापडतं. सकाळच्या बसनं निघालं तर देशाला एक चक्कर मारून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. आपला साकोली तालुका त्याहून मोठा असेल.

तुम्हा गावच्या माणसांतले जे एकोडीतच राहिले त्यांना वाटतं, परदेशी गेलं की माणूस सुखात पडतो. जे चिखल्याच्या खाणीवर गेले, भिलाईला गेले, त्यांना मी वेगळं सांगायला नको. पहिलं वर्षभर मला नुसतं बसून राहण्याचा त्रास झाला. सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, नळाला पाणी, रॉकेलचा स्टोव्ह. दहा वाजता सगळी कामं संपत. माहेरी एकोडीत दहा वाजेपर्यंत माझी अर्धी कामंसुद्धा होत नसत. मी खिडकीतून समुद्र पाही आणि मला तो आवडत नसे. एवढं पाणी आणि धानाच्या एका बांधीलाही उपयोगाचं नाही.

शेजारी लुसी राहायची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अविवाहित, मोठ्या आवाजाची. तिचा भाऊ आंद्रे एक साप्ताहिक काढायचा. देशात रेडिओ सरकारचा, रोजचं बातमीपत्र सरकारचं, आणि कुणाचंच नसलेलं असं हे एकच, आठ पानांचं, दर शुक्रवारी निघणारं. बंदरामागं पत्र्याच्या शेडमध्ये छापखाना. एके दिवशी लुसी म्हणाली, "तू दिवसभर खिडकीत उभी असतेस. गुरुवारी आमच्याकडे येऊन उभी राहा. घड्या घालायला माणसं कमी पडतात." तेव्हा आमच्यात मोडक्या इंग्रजीत बोलणं चाले. ते इथं मी आपल्या भाषेत लिहिते आहे.

तर मी वर्तमानपत्राच्या घड्या घालायला लागले. लांब टेबलाभोवती सहा बायका, हातात लाकडी पट्टी, ओल्या शाईचा वास. घडी घातली की पट्टी ओढायची, मग वर्गणीदाराच्या नावाची चिठ्ठी डकवायची. महिन्याभरात बेटावर कोण कुठं राहतं ते मला पोस्टमनएवढं माहीत झालं. भाषा तिथंच शिकले, शिव्यांसकट. रेखा टेबलाखाली रद्दीवर बसून चित्रं काढायची आणि माझ्या आधी ती त्यांच्यासारखी बोलायला लागली. पहिला करार संपला, दुसरा मिळाला. मास्तर म्हणायचे, अजून तीन-तीन वर्षं दोनदा मिळाली की रेखाची शाळा इथंच होऊन जाईल. शाळा चांगली होती. आमचा सगळा बेत त्या करारावर उभा होता आणि करार सरकारचा होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

त्या बेटावर भात तिन्ही त्रिकाळ खातात आणि तांदळाचं एक रोप उगवत नाही. सगळा बोटीनं येतो, सरकार आणतं आणि सरकारी दुकानांतून मिळतो. शिवाय गावाबाहेरच्या टेकडीवर एक दगडी कोठार होतं. चक्रीवादळात बंदर मोडलं तर बोट महिना-महिना लागत नाही. तेव्हा खायला म्हणून त्यात तांदूळ भरून ठेवायचा, अशी तिथली रीत. म्हाताऱ्या माणसांना ते कोठार देवळासारखं. खालच्या रस्त्यानं जाताना त्याच्याकडे एकदा बघून घेत.

आता आपली रीत. आपल्याकडे जुन्या तांदळाला काय मान आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण तिथं ते कुणाला माहीत नव्हतं आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच. नवा तांदूळ चिकट, जड, गोळा होणारा. दोन वर्षं ढोलीत ठेवलेला मोकळा शिजतो, दुप्पट फुगतो, पोटाला हलका. बाळंतिणीला तोच, आजाऱ्याला तोच, व्याही आले तर तोच. दाणा दाताखाली घेऊन तो कोणत्या सालचा आहे ते सांगणं आमच्या घरी मुलींना दहाव्या-बाराव्या वर्षीच येई. त्यात हुशारी काही नाही, सवय आहे.

एका गुरुवारी आम्ही जेवायला बसलो होतो. बायका त्या महिन्याच्या तांदळाला नावं ठेवत होत्या. पाणी फार पितो, कोरडा होतो, रस्सा धरत नाही. माझ्याही डब्यात दुकानातला तोच होता आणि मी कधी नव्हे ती खूश होते. मी म्हटलं, "अहो, हा पाव्हण्याला घालायचा तांदूळ आहे. जुना आहे हा. दोन वर्षांचा तरी असणार. एवढा चांगला मला इथं पहिल्यांदाच मिळाला."

एक जण म्हणाली, "तुमच्याकडे पाहुण्यांना शिळं घालतात वाटतं."

सगळ्या हसल्या. आंद्रे हातात ओली पानं घेऊन मागून चालला होता, तो थांबला. "किती वर्षांचा म्हणालात?"

"दोन. जास्तच, कमी नाही."

त्यानं पानं टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर बसला. पंधरा दिवसांपूर्वी रेडिओवर सांगितलं होतं की नवी बोट आली, या वर्षीच्या पिकाचा तांदूळ दुकानांत पाठवला आहे. मी ते ऐकलं होतं, पण माझ्या डोक्यात दोन गोष्टींची सांगड बसली नव्हती. त्याच्या डोक्यात बसली. दुकानात दोन वर्षांचा तांदूळ आहे तर तो आला कुठून? एवढा जुना तांदूळ बेटावर एकाच ठिकाणी असतो. आणि टेकडीवरचा तांदूळ दुकानांत उतरला असेल तर टेकडीवर काय आहे? वादळाचे महिने सुरू व्हायला पाच आठवडे होते.

मी कौतुक करायला तोंड उघडलं होतं.

आंद्रे चांगला संपादक होता, ऐकलं आणि छापलं असं त्याचं नव्हतं. तो बंदरावर गेला. हमालांनी सांगितलं, त्या बोटीतून गव्हाचं पीठ उतरलं, तांदूळ नाही. पण नावानिशी सांगायला एकही तयार नाही, सगळे सरकारचे नोकर. कोठाराची किल्ली मागितली, मिळाली नाही. उरले मी आणि माझे दात. त्याच्या वर्तमानपत्राचा एक नियम होता, सांगणाऱ्याचं नाव असल्याशिवाय असली बातमी छापायची नाही. तो आमच्या क्वार्टरवर आला, खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "तुमचं नाव लागेल. नाही म्हणालात तर मी समजेन. बातमी मग निघणार नाही."

तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "तू कायले बोलली? जेवाले बसली होती त जेवाचं."

"मी चांगलं म्हणून बोलली. नावं नाही ठेवली त्या तांदळाले."

"थेच त. नावं ठेवली असती त कोनं आयकलंच नसतं."

मग ते वह्या तपासत बसले. एकाच वहीवर बराच वेळ. माझ्या मनात काय चाललं होतं ते उगीच मोठं करून सांगत नाही. रेखाची शाळा दिसत होती. आणि रोज डोक्यावर टोपल्या घेऊन टेकडीकडे एक नजर टाकून जाणाऱ्या बायका दिसत होत्या. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. तेच मला सोसवेना. मास्तरांनी वही मिटली. "तुह्या नावानं छापाचं असन त छापू दे. पन मंग मांगं पाहून मले बोलू नको." त्यांचा मोठेपणा एवढाच आणि तो पुरेसा होता.

मी आंद्रेला एकच अट घातली. तांदूळ वाईट आहे असं लिहायचं नाही. तांदूळ उत्तम आहे, फक्त जुना आहे. त्यानं तसंच लिहिलं. पहिल्या पानावर माझं नाव आलं, त्याखाली एकोडी, भंडारा जिल्हा, भारत. त्या अंकाच्या घड्या मीच घातल्या.

शनिवारी रेडिओनं सांगितलं की घड्या घालणारी एका शिक्षकाची परदेशी बायको आता तांदळाची तज्ज्ञ झाली आहे. सोमवारी पुरवठा खात्यातून बोलावणं आलं. मोठं टेबल, पंखा, मागं एक साहेब, बाजूला दोन कारकून. आंद्रेला दाराशी उभं राहू दिलं. टेबलावर तीन बशा तांदूळ.

साहेब म्हणाले, "सांगा बाई. वय सांगा."

मी पहिल्या बशीतला दाणा चावला. "यंदाचा."

दुसरा कडकन मोडला. "हा जुना. दोन वर्षं. दुकानात आहे तो हाच."

"नक्की?"

"स्टोव्ह आणा. शिजवून दाखवते. नंतर तुम्हीच जेवा."

कारकून हसला. तिसऱ्या बशीत तांदूळ पिवळसर होता. मी तो हातात घेतला आणि परत ठेवला. "हा उकडा आहे. धान उकडून मग कांडलेला. याचं वय मला सांगता येणार नाही. खोटं बोलू?"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या दिवशी रेडिओ म्हणाला, तीनपैकी एक तांदूळ या बाईंना ओळखता आला नाही. हे खरंच होतं. एवढं खरं त्या रेडिओवर मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण बायकांनी घरोघरी दाणा चावून पाहायला सुरुवात केली होती. लुसीनं तिच्या आईच्या डब्यातला मागच्या महिन्याचा तांदूळ आणि दुकानातला, दोन्ही शिजवून चर्चबाहेर मांडून ठेवले. येणाराजाणारा बोटानं दाबून पाही. दोन रविवार हे चाललं. तिसऱ्या आठवड्यात टेकडीवरचं कोठार उघडून दाखवावं लागलं. अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. कुणी काढला, कुणासाठी, ते शेवटपर्यंत नीट बाहेर आलं नाही. पण घाईनं बोट मागवली गेली आणि वादळाच्या महिन्यांआधी कोठार भरलं. त्या वर्षी वादळ आलंच नाही. लोक म्हणाले, उगीच गाजावाजा केला.

वर्तमानपत्राच्या सरकारी जाहिराती बंद झाल्या. आठाची चार पानं झाली, पण एकही शुक्रवार चुकला नाही. आमच्या घरी दोन ओळींचं पत्र आलं. करार पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता वाटत नाही. कारण लिहिलं नव्हतं. मास्तरांनी दोन्ही ट्रंका बाहेर काढल्या. रेखा आठ वर्षांची झाली होती. ती म्हणाली, "मी काय केलं?" पश्चात्ताप झाला का असं विचाराल तर झाला, दर जूनमध्ये, भंडाऱ्यात तिच्या नव्या शाळेची दप्तरं घेताना. मग जायचा.

एकोडीला परतल्यावर पहिल्या दिवशी अख्खी आळी भेटायला आली. भाऊ म्हणाला, "बाई, तू पेपरात आली म्हंते? चोरी-गिरी केली का काय?" मी कात्रण बाबांपुढे ठेवलं. ती भाषा त्यांना येत नव्हती. बोट ठेवून विचारलं, "गावाचं नाव कुठी हाय?" दाखवलं.

"अन् खरंच जुना होता?"

"होता."

"मंग झालं." एवढं म्हणून ते गायी सोडायला गेले. त्या सगळ्या प्रकरणाबद्दल मला मिळालेला सगळ्यात चांगला निकाल तोच.

पण गावानं मला नंतर पाहुणीच केलं. चहा ठेवणीतल्या कपात. धानाच्या रोवणीला चिखलात उतरले तर, "राहू द्या बाई, तुमाले सवय नाही आता." जिच्यासोबत मी दहा वर्षं रोवणी केली ती बाई मला "तुमाले" म्हणत होती. आम्ही भंडाऱ्यात भाड्यानं घर घेतलं. मास्तरांना खासगी शाळा मिळाली. मला पुन्हा खिडकी मिळाली, समोर समुद्राऐवजी पेट्रोलपंप. मी शिवणाचं मशीन घेतलं, बचतगटासारखी भिशी चालवली, बालवाडीत शिकवलं, काहीच वर्षभर टिकलं नाही. माय म्हणायची, "तुह्ये पाय काहून ठरत नाहीत वो एका जागी?" पाय ठरले होते. कान तिकडं होते.

लुसी दर शुक्रवारचा अंक गुंडाळी करून बोटीनं पाठवायची. तो पाच-सहा आठवड्यांनी भंडाऱ्याच्या पोस्टात पोचायचा. कधी तीन एकदम, कधी महिनाभर एकही नाही. मी पोस्टात जाऊन विचारायची. काउंटरवरचे बाबू मला पाहून आधीच मान हलवायचे. "नाही आला तुमचा शुक्रवार."

पंच्याऐंशीच्या सुमारास रेडिओवर एका संध्याकाळी एक वाक्य ऐकू आलं. हिंदी महासागरातल्या त्या बेटाला चक्रीवादळाचा तडाखा. पुढं लगेच क्रिकेट. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या वर्तमानपत्रात दोन ओळी होत्या, त्यानंतर तेही नाही. तार केली, उत्तर आलं नाही. सात आठवडे मी कसे काढले ते मास्तरांना विचारा. भाजीत दोनदा मीठ, दुधाचं पातेलं जळलं, भिशीच्या बायकांशी भांडण. माय काही दिवस राहायला आली होती. तिनं दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "तिथं तुह्यं हाय कोन? ना सोयरा ना धायरा."

मी म्हटलं, "कोनी नाही." आणि पोस्टात निघाले.

आठव्या आठवड्यात अंक आला. एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, शाई पसरलेली. शेडचं छप्पर उडालं होतं आणि यंत्र हातानं फिरवून छापलं होतं. मी काउंटरपाशीच उभी राहून वाचला. बंदर मोडलं. सतरा दिवस बोट नाही. टेकडीवरचं कोठार उघडलं, कुटुंबागणिक तांदूळ वाटला, सगळ्यांना पुरला. लुसीचं घर गेलं, लुसी ठीक. बातमीच्या शेवटी आंद्रेनं लिहिलं होतं की तांदूळ फार जुना असल्यानं बायकांना तो नीट शिजवता येत नाही, मुलं अर्धकच्चा भात खात आहेत. माझं नाव त्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

मी तिथंच आंतरदेशीय पत्र मागितलं. बाबू म्हणाले, "हे देशाबाहेर जात नाही, बाई." मग परदेशी टपालाचं घेतलं आणि काउंटरच्या कडेला, मागच्या माणसांचा खोळंबा करत, लिहिलं. आंद्रे, हे छाप. जुना तांदूळ आधी अर्धा तास भिजवावा. पाणी दुपटीहून थोडं जास्त. उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवावं आणि मधे उघडून पाहू नये. मुलांसाठी वेगळा, थोडा जास्त शिजवावा. खाली नाव, त्याखाली गाव.

हिशेब मला येतो. वादळ होऊन आठ आठवडे झाले होते. विमानानं गेलं तरी माझं पत्र पोचायला आणखी दहा-बारा दिवस. तोवर तो तांदूळ खाऊन संपलेला असणार, नवी बोट लागलेली असणार, आणि बायका पुन्हा चिकट भात खात मजेत असणार. हे सगळं पत्ता लिहितानाच मला ठाऊक होतं.

तुम्ही पत्रांतून विचारता, आता घर कोणतं, एकोडी, भंडारा की ते बेट. तिघांपैकी कुठंही मी धड बसत नाही, आणि बसेन असं आता वाटतही नाही. पण जिथं भात कच्चा राहतोय हे कळल्यावर मला हात बांधून उभं राहता येत नाही, ते माझं घर. पत्राला चिकटवायला तिकीट कमी पडत होतं. मागच्या माणसाकडून एक घेतलं, जिभेनं ओलं केलं आणि पत्र पेटीत टाकलं.